दुकानास हवी असलेली आज्ञावली

संगणकास अथवा खिशातील फोनास काम सांगणाऱ्या क्रमवार सूचनांच्या संचास इंग्रजीत सॉफ्टवेअर व मराठीत आज्ञावली असे म्हणतात. तीच लहान रूपात फोनवर आली म्हणजे तिला ॲप म्हणण्याचा प्रघात पडला आहे. आज आपल्या पेठेत असे दुकान क्वचितच सापडेल की ज्यात यापैकी काही ना काही शिरलेले नाही. तथापि संध्याकाळी गल्ला मोजून झाल्यावर चार व्यापारी एकत्र बसले की एक वाक्य हटकून निघते : "अमुक काम करणारे ॲप असते तर बरे झाले असते." त्या वाक्यापुढे चर्चा बहुधा जात नाही, चहा येतो आणि विषय भावाकडे वळतो. ते वाक्य पुढे नेणे, म्हणजे नेमके काय हवे आहे, ते अद्याप का नाही, आणि मिळावयाचे असेल तर आपण काय लिहून द्यावयास हवे, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखकाचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे; यंत्राच्या आतील विद्या त्यास येत नाही. परंतु सुमारे चाळीस वर्षे बेळगावात घाऊक धान्याच्या गादीवर बसल्यामुळे दुकानास काय हवे असते एवढे सांगण्याचा अधिकार त्यास असावा.

प्रथम, आपल्याकडे आज काय आहे ते पाहू. कर्नाटक सरकारने २०१४ साली बाजार समित्यांतील लिलाव संगणकावर आणण्यास आरंभ केला. रुमालाखाली बोटे दाबून होणारे सौदे त्यापूर्वीच मागे पडत चालले होते, आता तर ते केवळ आठवणीत उरले. १४ एप्रिल २०१६ रोजी केंद्र सरकारची ई-नाम ही राष्ट्रीय बाजारव्यवस्था सुरू झाली. त्याच वर्षी यूपीआय आले आणि किरकोळ दुकानदाराचे पैसे फोनवर जमा होऊ लागले. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला, त्याच्या पुढल्या वर्षी मालाच्या गाडीबरोबर ई-वे बिल आले. या प्रत्येकासाठी आज्ञावली आहे व ती बऱ्यापैकी चालते. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या वेष्टनबंद व छापील चिठ्ठी असलेल्या डाळीवर व धान्यावर शेकडा ५ कर बसला आणि मोठे पोते मोकळे राहिले; एकाच गोदामातील एकाच तुरीच्या डाळीचे असे दोन भाग झाले, तरी बिलाच्या आज्ञावलीने ते काम निमूटपणे केले. तिला दोष देण्यासारखे त्यात काही नाही.

परंतु बारकाईने पाहता असे दिसते की, या सर्व आज्ञावल्या दुसऱ्याने आपणास विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देतात. कराचे खाते विचारते, विक्री किती? बँक विचारते, उलाढाल किती? बाजार समिती विचारते, आवक किती? या प्रश्नांची उत्तरे वेळेवर जावीत हे योग्यच आहे. मात्र दुकानाचा मालक रात्री अंथरुणावर पडल्यावर स्वतःस जे प्रश्न विचारतो त्यांचे उत्तर देणारी आज्ञावली कोठे आहे? हा हरभरा मला आज खरोखर काय भावाने पडला आहे? त्या गावच्या दुकानदारास आणखी वीस पोती उधार द्यावीत काय? दिवाणजी उद्या आले नाहीत तर कोणाचे काय येणे आहे हे मला समजेल काय? हवी असलेली आज्ञावली ती हीच, आणि पुढील विवेचन तिच्याविषयीच आहे.

ज्या आज्ञावल्या जगात खऱ्या अर्थाने रुजल्या त्यांचे मूळ शोधू गेल्यास ते पुष्कळदा कोणा गरजवंताच्या तक्रारीत सापडते. १९७८ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या व्यापारशाळेत डॅन ब्रिकलिन नावाचा विद्यार्थी शिकत होता. वर्गातील फळ्यावर आडव्याउभ्या रकान्यांत आकडे मांडीत असत; त्यातील एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सारे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. फळ्यानेच आपले आकडे आपण सुधारून घेतले तर किती सोय होईल, असे त्याच्या मनात आले. बॉब फ्रँकस्टन या मित्राच्या साह्याने त्याने ती कल्पना प्रत्यक्षात आणली व १९७९ साली 'व्हिसिकॅल्क' ही आज्ञावली बाजारात आली. आपली मुले आज ज्या पत्रकास एक्सेल म्हणतात त्याची ती पूर्वज होय.

दुसरे उदाहरण घरचेच आहे. बंगळुरात श्यामसुंदर गोएंका हे गिरण्यांना व कारखान्यांना यंत्रांचे सुटे भाग व इतर माल पुरविण्याचा व्यवसाय करीत. आपल्या हिशेबास जुळेल अशी आज्ञावली त्यांस बाजारात मिळेना, म्हणून त्यांनी आपले पुत्र भरत यांस ती तयार करावयास सांगितले. १९८६ साली आरंभ झालेल्या या घरगुती उद्योगातून पुढे 'टॅली' निर्माण झाली. आज आपल्या पेठेतील बहुतेक दुकानांचा हिशेब तिच्यावरच चालतो, आणि २०२० साली भरत गोएंका यांस पद्मश्री मिळाली. यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, प्रत्येक खात्यास आकड्यांचा संकेत देण्याची सक्ती या आज्ञावलीने ठेवली नाही. खाते त्याच्या नावाने ओळखावयाचे, जसे आपले दिवाणजी खतावणीत ओळखतात, हे तिने मान्य केले. हे शहाणपण यंत्राच्या विद्येतून आले नसावे. गादीवर बसणाऱ्या माणसाची अडचण ज्या घरात रोज ऐकू येत होती त्या घरात ते सुचले.

आता आपल्या अडचणींकडे वळू. त्यातील सर्वांत मोठी प्रथम घेतो, कारण तीत प्रत्यक्ष पैसा जातो आणि जाताना दिसत नाही. धान्य सुकते. हे कोणास ठाऊक नाही? परंतु सुकल्याने किती घटते याचा हिशेब आपल्यापैकी अनेकजण चुकीचा करतात आणि आज्ञावली तर तो करीतच नाही. समजा, फेब्रुवारीत नव्या हंगामाचा १०० क्विंटल हरभरा शेकडा १४ ओलाव्याचा घेतला व मे महिन्यात त्याचा ओलावा शेकडा १२ वर आला. सर्वसाधारण समज असा की दोन टक्के ओलावा गेला म्हणजे दोन क्विंटल गेले. वस्तुतः ओलाव्याचे प्रमाण एकूण वजनावर काढलेले असते. १०० क्विंटलमध्ये पाणी १४ व कोरडा दाणा ८६ क्विंटल. पाणी उडते, कोरडा दाणा ८६ च राहतो. आता हे ८६ क्विंटल म्हणजे नव्या वजनाचे शेकडा ८८ होत. ८६ ला ८८ ने भागून शंभराने गुणले की ९७.७३ येतात. म्हणजे घट दोन क्विंटल नसून दोन क्विंटल सत्तावीस किलो झाली.

हेच उदाहरण पुढे चालवू. चाळणीत माती, काडी व फोल मिळून ७३ किलो निघाले असे धरा; विक्रीयोग्य माल ९७ क्विंटल उरला. खरेदीचा भाव ६,००० रुपये क्विंटल, म्हणजे गुंतवणूक सहा लाख. दरसाल शेकडा १२ प्रमाणे तीन महिन्यांचे व्याज १८,००० रुपये. हमाली, तोलाई, बारदान व गोदामभाडे मिळून १२,००० रुपये धरू. एकूण खर्च ६,३०,००० रुपये झाला. मे महिन्यात ६,४५० चा भाव आला. पोरगा फोनवर पाहून म्हणतो, क्विंटलमागे साडेचारशे रुपये सुटतात. व्याज व खर्च ध्यानात घेणारा म्हणेल, साडेचारशेतून तीनशे गेले, तरी शंभर क्विंटलवर १५,००० रुपये उरले. प्रत्यक्षात ९७ क्विंटलचे ६,४५० प्रमाणे ६,२५,६५० रुपये हाती येतात व ४,३५० रुपयांचे नुकसान होते. पंधरा हजारांचा नफा आणि चार हजारांचा तोटा यांत जे अंतर आहे ते तीन क्विंटल हरभऱ्याचे आहे, दुसऱ्या कशाचे नाही.

यावर कोणी म्हणेल की, वर्षअखेर गोदामाची मोजदाद होते तेव्हा घट हिशेबात येतेच. येते खरी, परंतु तेव्हा ती सबंध वर्षाच्या सर्व मालाची एका ओळीत येते. कोणत्या खेपेत किती गेली हे त्या ओळीवरून कळत नाही आणि ज्या दिवशी भाव ठरवावयाचा त्या दिवशी तिचा काहीच उपयोग नसतो. सबब, हवी असलेली आज्ञावली अशी की, तिने प्रत्येक खेप निराळी ओळखावी. खरेदीच्या दिवशीचा ओलावा नोंदवून घ्यावा. पंधरा दिवसांनी पोत्यातील मूठभर दाणे ओलावामापकात घालून आलेला आकडा सांगितला की शिल्लक वजन, चढलेले व्याज व झालेला खर्च जमेस धरून 'आज हा माल तुम्हांस अमुक भावाने पडला आहे' एवढे एक वाक्य सांगावे. पावसाळ्यात हवा दमट झाली की धान्य उलट ओलावा ओढते व वजन वाढते, तेही तिला कळावे. त्या वाढीस नफा समजून कोणी खूश होऊ नये, कारण अशाच मालास बुरशी लागते. गणित म्हणाल तर शाळेतील आहे. मग आज्ञावली का नाही? कारण हा प्रश्न आपणास सरकारने विचारलेला नाही, आणि आपण तो कोणास विचारलेला नाही.

दुसरी अडचण भाषेची. तराजूपाशी उभा असलेला मनुष्य फोनवर बोटे आपटीत बसू शकत नाही, तो बोलतो. बोललेले लिहून घेणारी यंत्रे आता निघाली आहेत, आणि २०२२ साली केंद्र सरकारने 'भाषिणी' ही योजना भारतीय भाषांसाठी सुरू केली हे स्वागतार्ह आहे. परंतु आपल्या पेठेची बोली ही ग्रंथांची भाषा नव्हे. आपले आकडे पाहा : सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन. यांतील शब्द शंभराला जोडला की त्याचे मोल बदलते. 'साडेतीन' म्हणजे तीन आणि अर्धा, परंतु 'साडेतीनशे' म्हणजे तीनशेपन्नास. 'पावणेदोनशे' म्हणजे एकशेपंचाहत्तर. 'पाऊणशे' म्हणजे पंचाहत्तर. यंत्राने 'पावणेदोनशे' ऐकून दोनशे लिहिले तर पंचवीस पोती हवेतून उत्पन्न होतील. त्यातून आपला सीमाभाग. सौंदत्ती-बैलहोंगलकडचा शेतकरी तुरीस तोगरी म्हणतो, हरभऱ्यास कडली म्हणतो, पाऊण सांगताना मुक्कालु म्हणतो. आणि आपला गुमास्ता त्याच वाक्यात निम्मे मराठी बोलून त्यास उत्तर देतो. दोघांस एकमेकांचे पुरते समजते. ज्या यंत्रास हे समजत नाही ते कितीही विद्वान असले तरी आमच्या ओसरीवर त्याचा उपयोग नाही. ऐकलेली नोंद वहीत चढविण्यापूर्वी त्याने ती मोठ्याने वाचून दाखवावी व 'होय' म्हटल्यावरच पक्की करावी, एवढी अट मात्र हवी.

उधारीच्या वहीची ॲपे निघाली आहेत आणि किरकोळ दुकानदार ती वापरतात. त्यांचा एक गुण असा की ती विसरत नाहीत. दोष असा की त्यांस तारखेवाचून दुसरा काळ ठाऊक नाही. आपला व्यवहार 'सोयाबीन निघाल्यावर', 'सुगीनंतर', 'उसाचे बिल जमा झाल्यावर' असा चालतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे कारखान्याने ऊस मिळाल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावयाचे असतात; ते लांबले की शेतकऱ्याचे लांबते, शेतकऱ्याचे लांबले की गावच्या दुकानदाराचे लांबते, आणि त्याचे लांबले की आमचे. अशा वेळी ३० तारीख उलटली म्हणून ॲपने त्या दुकानदारास 'प्रिय ग्राहक, आपली थकबाकी त्वरित भरा' असा निरोप धाडणे म्हणजे तीस वर्षांच्या संबंधास सुरुंग लावणे होय. ज्यास आपण 'अण्णा, जरा खाते पाहून घ्या' एवढेच म्हणतो आणि ज्याच्या वडिलांनी आपल्या वडिलांशी व्यवहार केला त्यास प्रिय ग्राहक म्हणवून घेण्याची सवय नाही. हवी ती आज्ञावली अशी की, वायद्यापुढे तारखेऐवजी कारण लिहिता यावे. एका गावच्या सर्व खात्यांचे पैसे कशावर अवलंबून आहेत ते तिने एकत्र दाखवावे. आणि ज्या खात्याचे कारण संपूनही पैसे आले नाहीत तेवढेच मालकाच्या नजरेस आणावे. बोलावयाचे काम मालक करील.

पतीविषयी आणखी एक शब्द. कर्ज देणाऱ्या संस्था माणसाच्या पतीचा एक आकडा काढतात. तो त्यांस उपयोगी पडत असेल. आपल्या दिवाणजींच्या मनात मात्र आकडा नसतो, हकिकत असते : दुष्काळाच्या साली यांनी अर्धे दिले पण सांगून दिले, त्या वर्षी लग्न होते, अमुक गृहस्थ मध्ये राहिले होते. हे दिवाणजी आता साठी-सत्तरीचे आहेत आणि त्यांची मुले पुण्या-बंगळुरास नोकरीत आहेत. ज्या दिवशी असा एखादा मनुष्य घरी बसतो त्या दिवशी खतावणीतील आकडे दुकानात राहतात व त्यांचा अर्थ त्याच्याबरोबर जातो. मुलाच्या हाती दुकान देताना बाप येणे-देणे देतो, परंतु कोणाशी कसे बोलावे हे देऊ शकत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास दिवाणजींजवळ बसून, एकेक खाते पुढे ठेवून 'यांच्याविषयी काय सांगाल?' असे विचारणारी व ते त्यांच्याच शब्दांत जपून ठेवणारी आज्ञावली निघाली तर लेखक तिच्यासाठी इतर सर्व मागण्या मागे ठेवावयास तयार आहे. या कामास उशीर चालणार नाही.

नमुन्याचा प्रश्न थोडा निराळा आहे. फोनच्या कॅमेऱ्यासमोर मूठभर दाणे पसरावे आणि त्याने फुटका, काळपट, कीडका व परका दाणा शेकडा किती हे सांगावे, अशी इच्छा पुष्कळांची आहे व ती पुरी होण्याच्या मार्गावर आहे. येथे सावधगिरीचा इशारा देणे अवश्य वाटते. दाणा वरून चांगला दिसतो तो आतून चांगला असतोच असे नाही. कडधान्यातील भुंगा शेतात असतानाच शेंगेवर अंडी घालू शकतो. अळी दाण्यात शिरून आतच वाढते व बाहेर पडण्याची वेळ येईपर्यंत वरून फारसे काही दिसत नाही. चित्रावरून हे कळणार नाही, वासही कळणार नाही. तरी देखील हे साधन हवे, आणि हवे ते एवढ्यासाठी की, शेतकऱ्याच्या फोनात व व्यापाऱ्याच्या फोनात तेच दिसावे. आज प्रतवारीचा शब्द व्यापाऱ्याचा असतो आणि शेतकऱ्यास तो मानावा लागतो. दोघांपुढे एकच आरसा धरला तर संशय कमी होईल. व्यापाऱ्याच्याच बाजूने झुकणारे साधन मागण्यात अर्थ नाही, कारण ते महिन्याभरात ओळखले जाते.

साठ्याच्या मर्यादेविषयी थोडक्यात सांगतो. २ जून २०२३ रोजी केंद्र सरकारने तूर व उडीद यांवर साठामर्यादा लावली. घाऊक व्यापाऱ्यास प्रत्येक कडधान्याचे २०० टन. २५ सप्टेंबरला ती ५० टनांवर आणली, आणि नोव्हेंबरच्या आरंभी पुन्हा २०० टन केली. पाच महिन्यांत तीन आकडे! गोदामे दोन-तीन ठिकाणी, माल वाटेवर, काही सौदा झालेला पण न उचललेला. अशा स्थितीत आज मर्यादेच्या आत आहोत की बाहेर हे सांगणारा व आठ दिवस आधी सावध करणारा एक काटा पुरे आहे. हे काम कठीण नसावे.

जुन्या वह्यांची गोष्ट नफ्यातोट्याची नाही, पण ती लिहिल्यावाचून राहवत नाही. आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर आजोबा-पणजोबांच्या मोडीतील कीर्द-खतावण्या लाल कापडात बांधून ठेवलेल्या आहेत. मोडी लेखणी न उचलता, शब्दांत अंतर न सोडता लिहिली जाई. ऱ्हस्वदीर्घाचा भेद तीत पाळीत नसत. आज ती वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. आणे, पाव, अर्धा यांच्या जुन्या खुणांस २००९ साली व मोडी अक्षरांस २०१४ साली युनिकोड या जागतिक संकेतपद्धतीत स्थान मिळाले, म्हणजे यंत्रात ती लिहिण्याची सोय झाली. परंतु हाताने लिहिलेले पान समोर धरावे आणि त्याचे बाळबोध व्हावे, ही गोष्ट दुकानदाराच्या हाती अजून आलेली नाही. कोणत्या साली जोंधळा काय भावाने गेला, गोव्याकडे किती बैलगाड्या गेल्या, दुष्काळात कोणाचे किती सोडून दिले, हे सर्व त्या पानांत आहे आणि वाळवी आपले काम करीत आहे.

आता या सर्वांस लागू पडणारी एक अट. वही कोणाच्या कपाटात राहील? पूर्वी ती आपल्या तिजोरीशेजारी असे. आज ती कोठे दूरच्या यंत्रात असते आणि तिची किल्ली दुसऱ्याकडे असते. फुकट मिळणाऱ्या ॲपचा मालक उपजीविका कशावर करतो हे विचारणे गैर नव्हे, व्यापाऱ्यास तर नव्हेच. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, ही चांगली गोष्ट; परंतु कोणत्या गावात आपला कोण गिऱ्हाईक व त्यास आपण काय भाव लावतो हे गुपित राखण्याची जबाबदारी कायद्यावर टाकून निजता येणार नाही. म्हणून मागणी करतानाच लिहावे की, आमच्या नोंदी आमच्या दुकानातील यंत्रावर राहतील; आम्ही म्हणू त्या दिवशी त्या सर्व कागदावर छापून मिळतील; कंपनी बंद पडली अगर तिने भाडे वाढविले तरी मागील नोंदी आम्हांस वाचता येतील; आणि वीज व जाळे नसतानाही तोलाईचे काम अडणार नाही.

मागणी लिहिण्याचीही एक रीत आहे. 'मला नफा दाखविणारे ॲप हवे' असे म्हटले तर आज्ञावली करणारा तरुण मान डोलावून जाईल व रंगीत चित्रे घेऊन परत येईल. त्यास असे सांगावे : हे काम दुकानात सध्या कोण करतो, दिवसाच्या कोणत्या वेळी करतो, त्याच्या हातात तेव्हा काय असते; त्यास कोणती माहिती ठाऊक असते व कोणती विचारावी लागते; शेवटी त्यास कोणते एक उत्तर हवे असते; आणि ते उत्तर चुकले तर किती रुपयांचे नुकसान होते. वर हरभऱ्याचे जे उदाहरण दिले तसे एक पुरे सोडविलेले उदाहरण खऱ्या आकड्यांसह सोबत जोडावे. तयार झालेल्या आज्ञावलीने तेच उत्तर काढले पाहिजे, ही तिची परीक्षा. एका दुकानासाठी असे काम करून घेणे महागात पडेल. वीस-पंचवीस दुकानांनी एकाच गरजेवर सह्या केल्या तर ते आवाक्यात येईल, आणि आपल्या संघाच्या कचेरीत यासाठी एक वही उघडण्यास कोणाची हरकत असू नये. आमच्या बेळगावातच अभियांत्रिकी शिकणारी मुले शेकड्यांनी आहेत. त्यांस परीक्षेपूर्वी काहीतरी प्रकल्प करावा लागतो आणि विषय मिळत नाही अशी त्यांची तक्रार असते.

त्या वहीत पहिली मागणी कोणती लिहावी याबद्दल मतभेद होतील. लेखकाच्या दुकानातून जी जाईल ती वर न आलेली आहे. गाडी उतरताना हमाल पोती मोजतात; जमादार भिंतीवर खडूने रेघा ओढतो, दर पाचवी रेघ आडवी. पाऊस आला, गर्दी झाली, कोणाची पाठ भिंतीस घासली की रेघ पुसते आणि संध्याकाळी मजुरीवरून शब्दाला शब्द लागतो. आमची मोजणी एक आणि त्यांची दुसरी. जमादार मोठ्याने मोजीत असतोच. ते मोजणे ऐकून फोनाने आकडा मांडावा आणि तोच आकडा त्याच क्षणी आमच्या गादीवर व त्याच्या खिशातील फोनावर उमटावा, एवढीच मागणी. फक्त आज्ञावली लिहिणाऱ्या मुलास एक गोष्ट आधी सांगून ठेवावी लागेल. आपल्याकडे मोजताना पहिल्या पोत्यास 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. ते त्यास ठाऊक नसेल, तर गाडीमागे एक पोते दररोज कमी भरेल.